चिपला वाचा कोण देते?

२०१३ च्या पावसाळ्यात पुण्याच्या तपकीर गल्लीतून मी बोटभर लांबीचे एक यंत्र विकत आणले. एका टोकाला यूएसबीची पिन, दुसऱ्या टोकाला वीतभर अँटेना, तिच्या बुडाशी लोहचुंबक. दुकानदार म्हणाला, "कॉम्प्युटरला लावा, टीव्ही दिसेल." घरी येऊन लावले. तासभर शोध चालला आणि एकही वाहिनी सापडली नाही. अँटेना गॅलरीत नेली, कपाटावर ठेवली, शेवटी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चिकटवली. काही नाही.

फसवणूक म्हणावी तर तसेही नव्हते. यंत्र चांगले होते, फक्त ते आपल्या हवेतली भाषा बोलत नव्हते. त्याच्या आतली चिप डीव्हीबी-टी या युरोपीय डिजिटल पद्धतीसाठी घडवलेली, आणि त्या वेळी सिंहगडावरच्या टॉवरवरून आमच्याकडे येणारे दूरदर्शन जुन्या अॅनालॉग पद्धतीचे. मराठी वाचणाऱ्या माणसासमोर तमिळ वर्तमानपत्र धरावे, तसा प्रकार. मी सहकारी संस्थेत हिशेब लिहिणारा माणूस. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते रद्दीतल्या मासिकांतून आणि उघडलेल्या रेडिओंतून. यंत्र परत करण्याऐवजी हे कळते तरी कसे आणि बोलते कोणाशी, हे शोधायला बसलो. त्या शोधाचे हे टिपण.

डिजिटल टीव्ही घेणाऱ्या या यंत्रात साधारण तीन कामे होतात. पहिला ट्यूनर. हवेत शेकडो लहरी एकाच वेळी फिरत असतात, त्यांतली हवी तेवढी पट्टी तो वेगळी काढतो आणि खालच्या, हाताळता येईल अशा वारंवारतेवर आणतो. दुसरा डीमॉड्युलेटर. लहरीत गुंफलेले शून्य आणि एक तो उकलून काढतो. तिसरा पूल, म्हणजे उकललेला मजकूर यूएसबीच्या तारेतून संगणकाकडे नेणारा भाग. कधी हे तिघे एका चिपमध्ये असतात, कधी दोन किंवा तीन वेगळ्या चिपांत.

यांतला मधला भाग खरा कारागीर. डीव्हीबी-टीमध्ये चित्र एकाच लहरीवर लादून वेगाने पाठवत नाहीत. एका वेगवान घोडेस्वाराकडे सगळा खलिता देण्याऐवजी त्याचे तुकडे करून ६८१७ पायी जासुदांकडे द्यावेत, तसे ते काम आहे. प्रत्येक उपलहर अगदी सावकाश चालते. त्यामुळे समोरच्या इमारतीवरून किंवा डोंगरावरून आपटून आलेला प्रतिध्वनी थोडा उशिरा पोहोचला तरी गोंधळ होत नाही. जुन्या टीव्हीवर नायिकेच्या शेजारी तिचीच फिकट सावली दिसायची, आठवते? ती सावली या युक्तीने गेली. शिवाय चित्राच्या प्रत्येक १८८ बाइटच्या पुडक्यामागे १६ बाइट केवळ तपासणीसाठी जोडलेले असतात. पुडक्यातले आठ बाइटपर्यंत वाटेत बिघडले तरी ते पुन्हा जसेच्या तसे उभे करता येतात. हे सगळे नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये, सेकंदाला हजारो वेळा.

पण ही चिप स्वतःहून काहीच करत नाही. तिच्या आत शेकडो छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा ठेवला म्हणजे ती कोणत्या वारंवारतेवर जाईल, पट्टी किती रुंद धरेल, आवाज किती वाढवेल, हे ठरलेले असते. ते आकडे योग्य क्रमाने भरणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर नसेल तर चिप म्हणजे गारगोटी. आणि कप्प्यांची यादी बहुतेक कंपन्या गुप्ततेच्या करारावर सही घेतल्याशिवाय कोणाला दाखवत नाहीत. वस्तू आपण पैसे देऊन घेतो. तिच्याशी बोलायची भाषा मात्र विकत मिळत नाही. विंडोजसाठी कंपनी तयार ड्रायव्हर देते, तोही त्या वर्षापुरता. विंडोज बदलले, कंपनीचा रस संपला, की चांगले चालणारे यंत्र अडगळीत.

लिनक्सची रीत वेगळी, कारण तिथे ड्रायव्हर कर्नलचाच भाग होतो, उघडा असतो आणि पुढे कोणीही तो सांभाळू शकतो. टीव्हीच्या बाबतीत ही रीत बर्लिनमध्ये सुरू झाली. तिथल्या कन्व्हर्जन्स नावाच्या छोट्या कंपनीत राल्फ आणि मार्कुस मेट्झलर यांनी डिजिटल टीव्हीसाठी लिनक्सचा सामाईक आराखडा लिहिला. २००३ च्या अखेरीस आलेल्या कर्नलच्या २.६ आवृत्तीत तो अंगभूत होता. त्यांनी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम म्हणजे तुकडे वेगळे ठेवणे. ट्यूनरचा ड्रायव्हर वेगळा, डीमॉड्युलेटरचा वेगळा, पुलाचा वेगळा. बाजारात यंत्रांची नावे शेकडो असली तरी आतल्या चिपा मोजक्याच असतात. एकदा एका ट्यूनरची भाषा लिहिली की तो ट्यूनर ज्या ज्या यंत्रात असेल तिथे ती चालते. आपल्याकडे घाऊक मसाला एकच आणि पुड्यांवर छापील नावे वीस, तसे. कित्येकदा नव्या यंत्राला लिनक्समध्ये आणायला एकच ओळ पुरते: त्या यंत्राचा ओळख क्रमांक यादीत जोडायचा.

माझ्या यंत्राचा क्रमांक संगणकाने दाखवला तो ०बीडीए आणि २८३८. पहिला भाग कंपनीचा, तैवानच्या रिअलटेकचा, दुसरा वस्तूचा. खोक्यावर या नावाचा मागमूस नव्हता. चिप होती आरटीएल २८३२ यू. पण तिच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका चिपकडे जायला हवे, कारण दोघींची नशिबे शेजारी ठेवल्याशिवाय मला जे दिसले ते सांगता येणार नाही.

२००५ ते २००८ ही मोबाइलवरच्या टीव्हीची वर्षे. यूट्यूब नुकते जन्मले होते, फोनचे इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालायचे. तेव्हा सर्वांना वाटत होते की फोनमध्ये टीव्ही यायचा तर तो हवेतून, प्रक्षेपणाने येणार. कोरियात २००५ च्या डिसेंबरात टी-डीएमबी सुरू झाले, जपानमध्ये २००६ च्या एप्रिलमध्ये वन-सेग, चीनमध्ये २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास सीएमएमबी. युरोपने डीव्हीबी-एच ही पद्धत पुढे केली, आणि आपल्या दूरदर्शननेही २००७ मध्ये दिल्लीत तिची चाचणी घेतली होती.

डीव्हीबी-एचमधली एक कल्पना मला फार आवडते. टीव्ही सतत घेत राहिला तर फोनची बॅटरी दोन तासांत संपणार. म्हणून एका वाहिनीचा मजकूर सलग न पाठवता थोड्या थोड्या वेळाने एकदम लोंढ्याने सोडायचा. लोंढा आला की चिप जागी होते, साठवून घेते आणि पुढच्या लोंढ्यापर्यंत झोपते. आपल्याकडे नळाला पाणी येण्याची वेळ असते, तेव्हा पिंप भरून घ्यायचे आणि दिवसभर वापरायचे. एरवी नळापाशी बसून राहण्यात अर्थ नाही. पुण्यातल्या कोणत्याही गृहिणीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

इस्रायलमधल्या सियानो या कंपनीने नेमक्या या बाजारासाठी चिपा केल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की एकच चिप अनेक भाषा बोलू शके: डीव्हीबी-टी, डीव्हीबी-एच, टी-डीएमबी, जपान आणि ब्राझीलची आयएसडीबी-टी. चिनी पद्धतीसाठी त्याच घराण्यातली वेगळी भावंडे. चिप जागी होताना तिला फर्मवेअरची एक फाइल पाजायची. ज्या भाषेची फाइल पाजाल ती भाषा ती बोलणार. लिनक्समध्ये या चिपांचा ड्रायव्हर २००८ च्या सुमारास आला. पुढे कंपनीच्या लोकांनीही त्यात भर घातली. २०१३ मध्ये माउरो कार्वाल्यो शेहाब या ब्राझीलच्या प्रोग्रॅमरने तो पुन्हा घासूनपुसून घेतला. कर्नलचा टीव्ही-कॅमेऱ्याचा सगळा विभाग तेच सांभाळत आले आहेत. इस्रायलची चिप, जपानी पद्धत, दुरुस्ती करणारा ब्राझीलचा. उघड्या कोडचे हे नेहमीचे गोत्र.

तोवर मोबाइल टीव्ही मात्र आटोपत आला होता. अमेरिकेत क्वालकॉमची मीडियाफ्लो सेवा २०११ च्या मार्चमध्ये बंद झाली, युरोपातली डीव्हीबी-एच केंद्रे एकेक करून विझली. फोनचे इंटरनेट वेगवान झाले आणि लोकांना हवे ते हवे तेव्हा पाहता येऊ लागले; नळाच्या वेळेची कोणाला गरज उरली नाही. तरीही सियानोचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. फर्मवेअरच्या फायलीही मिळतात, कंपनीने त्या वाटायला परवानगी दिली आहे. पण त्या वाटता येतात, वाचता येत नाहीत. आत काय लिहिले आहे ते कंपनीलाच ठाऊक. चिपचा सगळा शहाणपणा त्या बंद फायलीत, आणि उघडा ड्रायव्हर म्हणजे केवळ फाइल नेऊन देणारा आणि निरोप आणणारा शिपाई. त्यामुळे जिथे डीव्हीबी-टी किंवा आयएसडीबी-टीची प्रक्षेपणे चालू आहेत तिथे या चिपा अजून टीव्ही दाखवतात. पण त्यांना नवे काही शिकवणे बाहेरच्या कोणालाही शक्य झाले नाही. माझ्या मते ड्रायव्हर उघडा आहे की बंद, एवढेच विचारून भागत नाही. चिपची बुद्धी ड्रायव्हरच्या कोणत्या बाजूला ठेवली आहे, हेही विचारावे लागते.

आता रिअलटेकची चिप. तिला फर्मवेअर पाजावे लागत नाही. जे काही आहे ते रजिस्टरच्या कप्प्यांत. टीव्हीबरोबर ती एफएम आणि डिजिटल रेडिओही ऐकवते असे खोक्यावर लिहिलेले असे. रेडिओ उकलायला चिपमध्ये वेगळी जागा खर्च करण्याऐवजी कंपनीने काटकसर केली. टीव्हीसाठी चिपने स्वतः उकलायचे, रेडिओसाठी मात्र कच्ची लहर मोजून तशीच संगणकाकडे पाठवायची आणि उकलण्याचे काम संगणकातल्या प्रोग्रॅमने करायचे. गिरणीवाल्याने गव्हाचे पीठ करून द्यावे आणि ज्वारीचे मात्र धान्यच परत द्यावे, घरी दळा म्हणून. दारामागचे हे दार कागदोपत्री कुठे जाहीर नव्हते.

ते सापडले ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना, कारण दुसरे कोणी तिथवर जातच नाही. २०१० मध्ये एरिक फ्राय यांनी लिनक्सवर ही चिप चालवण्याच्या खटपटीत यूएसबीच्या तारेतून काय जाते ते टिपून पाहिले होते. २०१२ च्या फेब्रुवारीत फिनलंडच्या आंटी पालोसारी यांना तेच दिसले. ते या चिपच्या लिनक्स ड्रायव्हरवर काम करत होते आणि एफएमचा भाग तपासत होते. त्यांच्या लक्षात आले की रेडिओ चालू असताना तारेतून येतो तो आवाज नव्हे, उकललेला मजकूर नव्हे, तर नुसती मोजमापे: आठ-आठ बिटांच्या जोड्या, सेकंदाला वीस लाखांहून अधिक. म्हणजे अँटेनाला लागलेल्या लहरीचा जवळजवळ कच्चा आलेख. त्यांनी एफएमचा एक नमुना टिपून इतरांसमोर ठेवला, आणि त्यातून रेडिओ पुन्हा वाजवून दाखवणारे लवकरच भेटले. ऑस्मोकॉम या मुक्त प्रकल्पातल्या स्टीव मार्कग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दारावर पक्की चौकट बसवली, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा प्रोग्रॅमसंच लिहिला.

याचा अर्थ लक्षात घ्या. कच्ची लहर हाती असेल तर ती कशी उकलायची हे प्रोग्रॅमवर अवलंबून, आणि प्रोग्रॅम तर आपण बदलू शकतो. त्याआधी संगणकात कच्च्या लहरी आणणारी यंत्रे हजार-हजार डॉलरची, प्रयोगशाळांसाठी असत. ही टीव्हीची चिप मिळत होती वीस डॉलरच्या आसपास. आरटीएल २८३२ यू आणि आर ८२० टी हा ट्यूनर अशी जोडी असली की सुमारे २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतची हवा ऐकता येते. जिच्यात माझ्या गावाचा टीव्ही नव्हता ती डबी एकाएकी सर्वभाषी झाली.

मी हे २०१४ मध्ये, वर्षभर उशिरा, करून पाहिले. एक गंमत अशी की लिनक्सवर यंत्र लावताच कर्नलचा टीव्ही ड्रायव्हर आधी पुढे येऊन ते ताब्यात घेतो. मग त्याला काळ्या यादीत टाकून हाकलावे लागते, तेव्हा कुठे कच्च्या लहरींचा रस्ता मोकळा होतो. ज्या ड्रायव्हरच्या खटपटीत हे दार सापडले त्यालाच दाराबाहेर उभे करायचे! मला थोडे अपराधी वाटले होते.

पहिल्या संध्याकाळी विमाने पकडली. प्रवासी विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपला क्रमांक, उंची, जागा स्वतःहून सांगत असतात; एक निरोप ११२ बिटांचा आणि सेकंदाचा आठ-साडेआठ हजारावा भाग एवढाच लांब. ते निरोप उकलणारा डम्प १०९० हा प्रोग्रॅम साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन माणसाने २०१२ मध्येच लिहून खुला केला होता. लोहगावला उतरणारी विमाने आमच्या घरावरून जातात. वर आवाज यायच्या आधी पडद्यावर आकडे हलू लागले. जगभरची विमाने नकाशावर दाखवणाऱ्या सेवा आज सर्वांच्या फोनमध्ये आहेत. त्यांची बरीचशी माहिती अशाच डब्या छपरावर लावून बसलेल्या हौशी माणसांकडून येते, हे फारसे कोणाला माहीत नसते.

मग हवामानाचे उपग्रह. अमेरिकेच्या नोआ मालिकेतले जुने उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास, सेकंदाला दोन ओळी या संथ गतीने पृथ्वीचे चित्र सोडत असत. कोणतीही परवलीची किल्ली नाही, ज्याला ऐकू येईल त्याचे ते चित्र. सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन अॅल्युमिनियमच्या कांड्या इंग्रजी व्हीच्या आकारात लावल्या की अँटेना झाली. माझ्या कांड्या पडद्याच्या जुन्या रॉडच्या होत्या. २०२० च्या २ जूनला निसर्ग चक्रीवादळ अरबी समुद्रात होते. माझी बहीण म्हसळ्याला राहते. टाळेबंदीत मी गच्चीवर त्या कांड्या धरून बसलो, आणि दहा-बारा मिनिटांत ओळीओळीने किनारा उतरत आला, त्याच्या पश्चिमेला पांढरा भोवरा. वेधशाळेने इशारा आधीच दिलेला होता. माझ्या चित्राने कोणाचे काही वाचले नाही. दुसऱ्या दिवशी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, बहिणीचे कौले आणि अकरा पोफळी गेल्या. पण ते चित्र कोणी मला दाखवले नव्हते, ते थेट वरून माझ्या हातातल्या कांडीवर उतरले होते, याचे मोल मला अजून नीट मांडता येत नाही. त्या मालिकेतले शेवटचे उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त झाले. आता ती वारंवारता लावली की नुसती खरखर.

या सगळ्यात ज्यांचे नुकसान झाले तेही सांगायला हवे. सुरुवातीच्या डब्यांत ई ४००० हा ट्यूनर असे, स्कॉटलंडच्या एलॉनिक्स कंपनीचा. त्याची पोहोच आर ८२० टीपेक्षाही लांब, म्हणून हौशी लोक त्याच्यासाठी धडपडत. पण कंपनीच बुडाली. बनवणारा गेला, त्याच्या चिपची भाषा मात्र कर्नलमध्ये लिहिलेली उरली.

आपल्याकडे आज काय आहे? दूरदर्शनने बहुतेक अॅनालॉग केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह सोळा शहरांत मोबाइलवर घेता येईल असे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, तेही डीव्हीबी-टी२ या पुढच्या पिढीच्या पद्धतीचे. माझी डबी तीही भाषा जाणत नाही. आता फोनमध्ये इंटरनेटशिवाय थेट प्रक्षेपण घेण्याच्या योजनेची चर्चा आहे. आयआयटी कानपूर आणि बंगळुरूची सांख्य लॅब्ज यांनी त्यावर काम केले आहे, चाचण्या झाल्या आहेत आणि पद्धत आहे अमेरिकेतून आलेली एटीएससी ३.०. सांख्यने त्यासाठी चिपही घडवली. चिप भारतात घडली याचा आनंद मलाही आहे. पण बातमी वाचताना माझ्या मनात येतो तो प्रश्न वेगळा: तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये येणार का? फर्मवेअर वाचता येईल की नुसते वाटता येईल? पूर आला, टॉवर पडले, इंटरनेट गेले, तर प्रक्षेपणाने सूचना पोहोचवता येतील असे या योजनेच्या बाजूने सांगितले जाते. ते पटण्यासारखे आहे. म्हणूनच पंधरा वर्षांनी, आजचे फोन जुने झाल्यावर, ती चिप कोणाच्या परवानगीने जागी होईल हे आज ठरवून घ्यायला हवे. नंतर विचारायला कंपनी जागेवर असेलच असे नाही.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या बाजारात ऐंशी रुपयांना एक डबी मिळाली. घरी आणून लावली. कर्नलने ती ओळखली, सियानोचे नाव लिहिले, फर्मवेअर पाजले आणि टीव्हीसाठी लागणाऱ्या फायली तयार करून ठेवल्या. हिरवा दिवा लागला. ४७४ मेगाहर्ट्झपासून ८५८ पर्यंत, आठ-आठच्या पायरीने, एकोणपन्नास जागा मी तिला ऐकायला लावल्या. प्रत्येक ठिकाणी ती थांबली, ऐकले, आणि काही नाही म्हणून पुढे गेली. शेवटची जागा झाल्यावर मी ती काढली आणि पहिल्या डबीच्या शेजारी खणात ठेवली.